अगोआची मुदत संपली. व्यापारातल्या सवलतींनी आफ्रिकेचं नेमकं काय झालं?

बाभूळवन

३० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या 'अगोआ' कायद्याची मुदत संपली. मराठी पेपरांत कुठे दोन ओळी दिसल्या नाहीत, म्हणून धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००० साली क्लिंटन यांनी सही केलेला हा कायदा. सहाराच्या दक्षिणेकडच्या, अमेरिकेने पात्र ठरवलेल्या देशांचा माल तिथे जकातीशिवाय उतरायचा. बदल्यात त्यांनी अमेरिकी मालावरची जकात कमी करायची अट नव्हती. म्हणजे दोघांनी केलेला करार नव्हे, एकाने दिलेली सवलत.

मी मूळचा इचलकरंजीचा. सूतगिरणीतून सुरुवात केली आणि पुढे काही वर्षं लेसोथोत (चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला छोटा डोंगरी देश), राजधानी मासेरूला एका जीन्सच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. मालक तैवानचे, कापड आशियातून, चेन-बटणं-दोरासुद्धा बाहेरून. सगळं जहाजाने दक्षिण आफ्रिकेच्या डर्बन बंदरात उतरायचं, ट्रकने वर डोंगरात यायचं, कापून-शिवून-धुऊन परत डर्बन. देशात काय राहायचं? मजुरी. पण ती मजुरी लहान नव्हती. २००४ च्या आसपास पन्नास हजारांच्या घरात लोक या कामावर होते, बहुतेक सगळ्या बाया, आणि देशाची वस्ती आजही तेवीस लाखांच्या आसपास. सकाळी गेटबाहेर ब्लँकेट पांघरून त्या उभ्या असायच्या. सुपरवायझर बाहेर यायचा आणि आज किती हात हवेत ते बोटांनी दाखवायचा. उरलेल्या पुढच्या गेटकडे निघायच्या.

सुती पँटवर अमेरिकेची नेहमीची जकात १६.६ टक्के. तेवढा फरक हाच आमचा सगळा धंदा. तो गेला की बांगलादेशाशी टक्कर कशी देणार?

माझं मत असं की पंचवीस वर्षं सवलत मिळूनही तिथे स्वतःचा म्हणावा असा उद्योग उभा राहिला नाही, आणि त्याला सवलतीची रचनाच जबाबदार आहे. तुम्हाला काय वाटतं?

फटकळ

मला वाटलं आग्वाद किल्ल्याचा धागा आहे. आता आलोच आहे तर चहा घेऊन बसतो.

आकडेमोड

धागा चांगला आहे, निष्कर्ष घाईचा वाटला.

अगोआखालची निर्यात पहिली दहा-बारा वर्षं मुख्यतः खनिज तेलाची होती, नायजेरिया आणि अंगोलाची. तेलावर अमेरिकेची जकात मुळात नगण्य, त्यामुळे त्या मोठ्या आकड्याने फसायचं नाही. खरा परिणाम बघायचा तो कपड्यांत, दक्षिण आफ्रिकेच्या मोटारींत आणि थोडाफार फळांत.

कपड्यांतली मेख म्हणजे गरीब देशांना कापड कुठूनही आणायची मुभा होती. ही मुभा नसती तर लेसोथोत एकही मशीन आलं नसतं, कारण तिथे कापड विणलंच जात नव्हतं. युरोपच्या जुन्या नियमात धाग्यापासून कापड आणि कापडापासून कपडा असे दोन टप्पे त्या देशात (किंवा सोबतच्या देशांत) झाले तरच सवलत लागू व्हायची. परिणाम असा की सवलत दोघांचीही होती, पण कारखाने अमेरिकेसाठी निघाले.

आणि तैवानी मालक केवळ अगोआमुळे आले नव्हते. तेव्हा जगभर कपड्यांवर देशवार कोटे होते. चीनचा कोटा भरला की माल दुसऱ्या देशाच्या नावाने पाठवायचा. १ जानेवारी २००५ ला कोटे उठले आणि लेसोथोतले काही कारखाने त्याच सुमारास बंद पडले. अगोआ तेव्हा चालूच होता. रचना दोषी म्हणताना हे कुठे बसवणार?

बाभूळवन

@आकडेमोड, कोट्यांचं म्हणणं मान्य. पण कापड कुठूनही आणायची मुभा दर थोड्या वर्षांनी संपत यायची आणि शेवटच्या घटकेला वाढायची. २०१२ मध्ये ती वाढवायला इतका उशीर झाला की अमेरिकी खरेदीदारांनी ऑर्डरी आखडत्या घेतल्या. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारा माणूस अंगणात विहीर खणत नाही. तैवानच्या एका मोठ्या गटाने लेसोथोत डेनिमची मिल टाकली, ती एकच. बाकी सगळे उद्या बोजा उचलून जाता येईल अशा बेताने बसलेले.

मोगऱ्याचा_वेल

नैरोबीहून लिहितेय. मी फुलांच्या निर्यातीत कागदपत्रांचं काम बघते, त्यामुळे माझा संबंध अमेरिकेपेक्षा युरोपशी.

इथे गोष्ट जरा वेगळी आहे. नैवाशा सरोवराच्या काठचे गुलाब दांड्याच्या लांबीप्रमाणे निवडून, खोक्यात भरून, थंड खोलीतून रात्रीच्या विमानाने हॉलंडला जातात. मजुरी सोडून बाकी सगळं बाहेरचं, असं इथे म्हणता येत नाही. पाणी इथलं, जमीन इथली, शीतगृहं, पुठ्ठ्याची खोकी इथली, आणि आता बरेच तज्ज्ञही इथलेच.

पण युरोपची सवलत केनियासाठी कायम टांगती राहिली. टांझानिया, युगांडा, रवांडा, बुरुंडी हे अतिगरीब देशांच्या यादीत, त्यांना करार केला न केला तरी शस्त्रं सोडून सगळ्यावर शून्य जकात. केनिया त्या यादीत नाही. पूर्व आफ्रिकेचा गट म्हणून युरोपशी व्यापार करारावर एकत्र सही करायची होती आणि बाकीच्यांना घाई कशाला असेल? ऑक्टोबर २०१४ मध्ये युरोपची मुदत टळली आणि डिसेंबरपर्यंत केनियाच्या फुलांना जकात भरावी लागली. तेव्हाची धावपळ अजून आठवते. ग्राहकाशी भाव आधीच ठरलेला, वरचे आठ-साडेआठ टक्के शेतमालकाच्याच खिशातून गेले.

पुढे टांझानियाने सही करायला साफ नकार दिला. माजी राष्ट्राध्यक्ष म्कापा यांनी तर हा करार म्हणजे आपले कारखाने जन्मायच्या आधीच मारणं, अशा अर्थाचं उघड लिहिलं होतं. शेवटी केनियाने एकट्याने डिसेंबर २०२३ मध्ये सही केली, १ जुलै २०२४ पासून लागू. यात मात्र फुकट काही नाही. केनियालाही पंचवीस वर्षांत टप्प्याटप्प्याने युरोपच्या बऱ्याच मालावरची जकात उतरवायची आहे.

मावळा_गुलाबवाला

ताई, तुमच्या त्या रात्रीच्या विमानाने आम्हाला पार झोपवलंय. तळेगाव-मावळच्या पॉलीहाऊसवाल्यांना विचारा. व्हॅलेंटाइनला आमचाही माल युरोपात जातो, पण आम्हाला जकात, केनियाला शून्य. त्यात त्यांची उंची, विषुववृत्ताचं ऊन आणि मोठाले फार्म. आफ्रिकेवर अन्याय झाला म्हणून सगळे गळा काढतात, सवलतीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाचंही कुणी लिहा.

मोगऱ्याचा_वेल

@मावळा_गुलाबवाला, रास्त आहे. इथे उलटी भीती आहे बरं का. २०२५ मध्ये भारत आणि युरोपची व्यापार कराराची बोलणी चालू होती. तुमची जकात गेली की आमच्या शून्याची किंमत तेवढी उतरली. केनियातले फूलवाले या बातम्या तुमच्याइतक्याच बारकाईने वाचतात.

फटकळ

म्हणजे १४ फेब्रुवारीला बायकोला दिलेला गुलाब इथला आणि लंडनमधल्या मेव्हणीला पाठवलेला केनियाचा. दोन्हीकडे बिल माझंच.

तळ्यातमळ्यात

सवलत काढून घेण्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. २००९ मध्ये मादागास्करमध्ये सत्तापालट झाला, १ जानेवारी २०१० पासून अगोआ बंद. राजधानी अंतानानारिव्होतल्या कपड्यांच्या कारखान्यांतली हजारो माणसं घरी बसली. सत्ता बळकावणाऱ्याची नोकरी शाबूत. सवलत परत मिळाली २०१४ मध्ये.

इथिओपियाचं तसंच. हवासाला २०१६ मध्ये मोठं औद्योगिक पार्क उभं राहिलं, आता आफ्रिकेचा बांगलादेश होणार असं सगळे म्हणत होते. देशाच्या उत्तरेकडच्या तिग्राई प्रांतात युद्ध पेटलं, १ जानेवारी २०२२ पासून पात्रता रद्द. तिथली सगळ्यात मोठी अमेरिकी कंपनी तर निर्णय लागू व्हायच्या आधीच, नोव्हेंबरमध्ये गाशा गुंडाळून गेली.

शिलाई मशीनवर बसलेल्या मुलीने युद्ध सुरू केलं होतं का?

सडेतोड_सुमन

अहो, मग करायचं काय? तिग्राईत जे चाललं होतं ते बघत जकातमाफी चालू ठेवायची? दुसऱ्याच्या तिजोरीतून सवलत घेताय, तर तो अटी घालणारच. स्वाझीलंडची पात्रता २०१५ मध्ये गेली ती कामगार संघटनांची गळचेपी केली म्हणून, आणि कायदे बदलल्यावर ती परत मिळालीही. त्या अटीचा फायदा शेवटी कामगारांनाच झाला ना? मला तरी अटींत गैर दिसत नाही.

तळ्यातमळ्यात

@सडेतोड_सुमन ताई, स्वाझीलंडचं उदाहरण बिनतोड. आता रवांडाचं बघा.

पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी २०१६ मध्ये ठरवलं की जुने कपडे, ज्याला तिकडे मितुम्बा म्हणतात, ते हळूहळू बंद करायचे. नैरोबीचा गिकोम्बा बाजार बघितलाय? युरोप-अमेरिकेत दान केलेले कपडे दाबून गठ्ठे बांधतात, गठ्ठा फोडला की बायका गराडा घालतात, चांगला नग पहिल्या पाच मिनिटांत जातो. रवांडाने जुन्या कपड्यांवरची जकात किलोमागे ०.२० डॉलरवरून २.५० डॉलर केली. अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली. केनिया, टांझानिया, युगांडा मागे हटले, रवांडा हटला नाही. जुलै २०१८ पासून रवांडाच्या कपड्यांची सवलत स्थगित.

यात लोकशाही कुठे आली नि मानवी हक्क कुठे? स्वतःच्या देशात शिलाईचा धंदा उभा करायचा म्हणून जकात लावली, एवढाच गुन्हा.

सडेतोड_सुमन

रवांडाबाबत पटलं. मितुम्बा बंद केल्यावर त्या गठ्ठेवाल्या बायांचं काय झालं तेही लिहा मात्र.

मोगऱ्याचा_वेल

केनिया मागे हटला त्याचं तेही एक कारण होतं. मितुम्बावर इथे लाखोंचं पोट आहे. विकणारे, निवडणारे, बाह्या कापून पुन्हा शिवून देणारे शिंपी. आणि माझ्या ऑफिसातल्या अर्ध्या लोकांच्या अंगावरचा शर्ट तिथलाच असतो, तोही झकास ब्रँडचा.

काजूबोंडू

सावंतवाडीकडचा काजूवाला. आमच्याकडे आणि गोव्यात कारखान्यांत फुटणारा बराचसा काजू आफ्रिकेतून येतो: आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया. कोकणचा माल वर्षभर पुरत नाही.

मोझांबिकची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काजूत तो देश जगात अव्वल होता, आणि स्वतः सोलून विकायचा. यादवी युद्धात सगळं मोडलं. पुढे १९९०च्या दशकात जागतिक बँकेने कर्जाची अट घातली की कच्च्या काजूवरचा निर्यातकर कमी करा, शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. कच्चा माल सरळ भारतात यायला लागला. शेतकऱ्याच्या हाती फार काही पडलं नाही, मधल्या व्यापाऱ्याने खाल्लं. सोलणीचे कारखाने बंद पडून दहा हजारांच्या घरात कामगार बेकार झाले. नंतर सरकारने कर पुन्हा वाढवला, तेव्हा थोडी सोलणी परत सुरू झाली.

हा करार नव्हे, अट म्हणा. पण प्रश्न तोच. आपण त्यांच्याकडून कच्चा माल शून्य किंवा नाममात्र जकातीवर घेतो आणि त्याला मदत म्हणतो.

फटकळ

आफ्रिकेतून नुसती बी येते, बोंडं येत नाहीत. मग फेणीचं काय? या अन्यायावर कुठलंच व्यापारमंडळ बोलत नाही.

काजूबोंडू

@फटकळ फेणी आमचीच राहू द्या, तेवढं तरी.

उदगीरकर

काजूबोंडू, तुम्ही दार उघडलंत म्हणून लिहितो. आमची डाळमिल. आम्ही मोझांबिकची तूर भरडतो.

२००८ मध्ये दिल्लीत भारत-आफ्रिका परिषद झाली तेव्हा भारताने अतिगरीब देशांना जकातमाफी जाहीर केली. आधी ८५ टक्के प्रकारच्या मालावर, मग २०१४ मध्ये ९८ टक्क्यांपर्यंत. म्हणजे अमेरिका-युरोपच्या जागी इथे आपण आहोत. मग २०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपयांवर गेली ते सगळ्यांना आठवत असेल. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला गेले आणि तुरीचा समझोता झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन, वाढत वाढत दोन लाख.

तिकडचा शेतकरी झांबेझिया, नाम्पुला भागातला, एक-दोन हेक्टरवाला, मक्यात तूर लावणारा. त्याच्या घरात तूर फारशी शिजत नाही. पेरली ती भारतासाठीच. आणि त्याच वर्षी आपल्याकडे तुरीचं बंपर पीक. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तूर आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा घातली. समझोत्यातला माल वगळला होता, पण त्यापलीकडचा सगळा पडून. टांझानिया, मलावीला तर तसा समझोताही नव्हता. तिकडे भाव असे कोसळले की कापणीची मजुरी निघेना.

अकोटचा_तूरवाला

उदगीरकर, हे सांगताना आमचंही सांगा ना. २०१६-१७ ला हमीभाव ५०५० होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली मागत होते. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर लावून लोक आठ-आठ दिवस झोपले, बारदाना संपला म्हणून केंद्र बंद. तेव्हा मोझांबिकशी समझोता करणाऱ्यांना अकोला दिसलं नाही? तुम्ही मिलवाले स्वस्त माल बंदरावर उचलता आणि वर आफ्रिकेची कणव.

उदगीरकर

@अकोटचा_तूरवाला दादा, कणव नाही, हिशोब सांगतोय. तुमचा माल डिसेंबर-जानेवारीत येतो, तिकडचा ऑगस्ट-सप्टेंबरनंतर, जेव्हा इथे तूर संपत आलेली असते. मिल बाराही महिने चालवायची तर दोन्ही लागतात. आणि आपण आयात बंद-चालू करतो तेव्हा मार तुम्हालाही बसतो आणि त्यांनाही. फरक एवढाच की तुम्ही मोर्चा काढू शकता, नाम्पुलाचा शेतकरी दिल्लीत कुठे जाईल?

आकडेमोड

अमेरिकेबद्दल आपण जे म्हणत होतो ते सगळं भारताला जसंच्या तसं लागू पडतंय, हे धाग्यातलं मला सगळ्यात रोचक वाटलं. देणाऱ्याच्या घरात काय चाललंय त्यावर घेणाऱ्याचं पीक ठरतं.

ऊसमळा

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. मॉरिशसला, पोर्ट लुईत नोकरीला आहे. बाभूळवन यांच्या मूळ मताला एक उलट उदाहरण देतो.

युरोपने आपल्या जुन्या वसाहतींशी केलेल्या १९७५च्या लोमे करारात मॉरिशसला साखरेचा कोटा मिळाला. वर्षाला सुमारे पाच लाख टन, आणि भाव युरोपातला, जो बहुतेक वर्षं जागतिक भावापेक्षा खूप वरचा. फरकाचा हा पैसा कुठे गेला ते महत्त्वाचं. सरकारने साखर निर्यातीवर कर लावला, त्यातून फुकट शिक्षण, आरोग्य चाललं. मळ्यांच्या मालकांनी (बहुतेक जुनी फ्रेंच घराणी) आपला नफा कपड्यांच्या कारखान्यांत घातला, कारण १९७०च्या निर्यात-क्षेत्राच्या कायद्याने तिथे करसवलत होती. बाहेरचं भांडवल आलंच, पण निम्म्याच्या आसपास देशातलं होतं. लेसोथोत हेच घडलं नाही. तिथे पैसा घालायला देशातलं कुणी नव्हतं.

युरोपने २००६ ते २००९ भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये कोटाही संपला. तोवर इथे कपडे, पर्यटन, बँका उभ्या होत्या. छोटे ऊसवाले मात्र भरडले गेले, कित्येकांनी शेती पडीक टाकली. त्यात इथले मराठीही आहेत, ज्यांचे खापरपणजोबा याच मळ्यांवर मजूर म्हणून आले होते. म्हणून सगळं गोड गोड झालं असं मी म्हणणार नाही.

फटकळ

साखरेच्या पैशातून शाळा, दवाखाने, कारखाने? आमच्याकडेही झालं की. कॉलेजांना फक्त घराण्याचं नाव असतं.

बाभूळवन

@ऊसमळा, फार चांगली माहिती. मग मी रचनेवर ठेवलेलं बोट थोडं सरकवतो: कोटा मोठा, भाव पक्का, मुदत तीस-पस्तीस वर्षांची. एवढा निवांतपणा अगोआने कुणाला दिला?

नाक्यावरचा

झांबियात, लुसाकाला मालवाहतूक बघतो. सगळे बाहेरच्यांशी केलेल्या करारांवर बोलताय, आपसातल्यावर कुणीच नाही. आफ्रिकेचा स्वतःचा मुक्त व्यापार करार मार्च २०१८ मध्ये किगालीत झाला, व्यवहार १ जानेवारी २०२१ पासून सुरू. कचेरी घानात, अक्राला. कागदावर उत्तम. पण नायजेरियाने जुलै २०१९ मध्ये सही केली आणि ऑगस्टमध्ये बेनिनची सीमा मालासाठी बंद करून टाकली, ती उघडली डिसेंबर २०२० मध्ये.

कासुम्बालेसा नाक्यावर काँगोत जाणाऱ्या ट्रकांची रांग बघा. ड्रायव्हर ट्रकखाली स्टोव्ह पेटवून मक्याचा न्शिमा रांधतात, तिथेच कपडे वाळत घालतात. जकात शून्य केली तरी हे दिवस कोण भरून देणार? उलट झांबिया-झिंबाब्वे सीमेवरच्या चिरुंदूला २००९ मध्ये दोन्ही देशांची तपासणी एकाच छपराखाली आणली, तर तिथली रांग खूप कमी झाली. त्यासाठी ना वॉशिंग्टनची सही लागली ना ब्रसेल्सची.

सडेतोड_सुमन

बाभूळवन, लेसोथोत आता काय परिस्थिती आहे? तो ट्रम्प यांचा ५० टक्के जकातीचा आकडा लेसोथोचाच ना?

बाभूळवन

हो, एप्रिल २०२५ मध्ये ५० टक्के जाहीर झाले. हिशोब असा लावला होता की देश अमेरिकेला विकतो किती आणि अमेरिकेकडून घेतो किती. लेसोथो जीन्स आणि हिरे विकतो, अमेरिकेचं घेण्याइतके पैसे तिथल्या माणसाकडे नाहीत. त्याच्या महिनाभर आधी या देशाचं नाव कुणी ऐकलेलं नाही असंही ट्रम्प यांचं भर अमेरिकी संसदेत म्हणून झालं होतं. ऑगस्टमध्ये आकडा १५ टक्क्यांवर आला, पण मधल्या चार महिन्यांत ऑर्डरी गेल्या. जुलैमध्ये सरकारने बेरोजगारीपायी आपत्ती जाहीर केली.

जुन्या सहकाऱ्यांशी बोलणं होतं. ज्यांचे कारखाने दक्षिण आफ्रिकेच्या दुकानांसाठी शिवतात ते अजून तग धरून आहेत. दोन्ही देश १९१० पासूनच्या एकाच जकात संघात, त्यामुळे तिथे जकातीचा प्रश्न नाही. ऑर्डर लहान, भाव कमी, शाळेचे गणवेश नि कामगारांचे डगले असला माल. पण गिऱ्हाईक दिवसभराच्या ट्रकच्या अंतरावर.

तळ्यातमळ्यात

गणवेशांवर कुणी परिषद भरवत नाही, हे खरं.

अकोटचा_तूरवाला

अवांतर, पण उदगीरकर आहेत तोवर विचारून घेतो. तुरीच्या जकातमुक्त आयातीची मुदत ३१ मार्च २०२६ ठरली होती म्हणतात. २०२५-२६ ला हमीभाव ८००० आणि बाजार त्याच्या खालीच. पुढे काय?

उदगीरकर

२०२१ पासून मुदत वाढतच आलीय, दर वेळी अगदी तोंडावर. मोझांबिकमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात पेरणी होते. म्हणजे तो पेरतो तेव्हा त्यालाही माहीत नसतं आणि तुम्ही विकता तेव्हा तुम्हालाही. माझा अंदाज विचाराल तर वाढवतील, पण त्यावर माल धरून बसू नका. जानेवारीत आर्द्रता बारा टक्क्यांच्या आत असेल तर आधी मला फोटो पाठवा.

अकोटचा_तूरवाला

फोटो कशाला, पायली घेऊनच येतो. भाव तिथे बोलू.